अनेक व्हीपीएन एकत्र जोडल्यास इंटरनेटचा वेग वाढतो का?

प्रश्न:
माझ्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. व्हीपीएन (डेटा सांकेतिक करून दूरच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद असताना ९५च्या आसपास वेग मिळतो. राउटरवर ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर सुरू केले की तो २२वर येतो. राउटर चार कोरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग) असून त्या वेळी सीपीयूचा वापर जेमतेम २७ टक्के दिसतो, त्यामुळे त्याच्यावर ताण नसावा असे मी धरून चाललो आहे. तीन-चार व्हीपीएन एकाच वेळी चालवून त्यांचा वेग एकत्र करता येईल का, आणि तो १००च्या पुढे जाईल का?

उत्तर १:
१००च्या पुढे तो जाणार नाही, कारण सगळे टनेल (व्हीपीएनच्या सांकेतिक जोडण्या) शेवटी त्याच एका तारेतून जातात. खरी मेख त्या २७ टक्क्यांत आहे. ओपनव्हीपीएन नेहमीच्या मांडणीत एका टनेलसाठी एकच कोर वापरते. तो पूर्ण भरला आणि उरलेले तीन रिकामे बसले, तरी एकूण आकडा पंचविशीच्याच घरात दिसतो. प्रत्येक कोरचा वापर वेगळा पाहावा.

चार टनेल चालवल्यास चारही कोर कामाला लागतील, हे खरे. पण अनेक जोडण्यांत वाहतूक वाटून देणारे एमवॅन३सारखे साधन प्रत्येक कनेक्शन एकाच टनेलमधून पाठवते, म्हणजे एकच मोठी फाइल उतरवताना वेग २२च राहील, आणि बाहेरचा आयपी पत्ता सारखा बदलत राहिल्याने एखाद्या बँकेचे संकेतस्थळ मध्येच लॉगआउट करील, ते वेगळेच. पॅकेटनिहाय (डेटाच्या एकेका तुकड्याची) वाटणी करायची, तर पलीकडचा सर्व्हरही आपल्या ताब्यात हवा. त्यातही पॅकेट मागेपुढे पोहोचली की टीसीपी (डेटा नीट पोहोचल्याची खात्री करणारी नियमपद्धत) ती हरवली असे समजून पुन्हा पाठवते आणि वेग स्वतःच कमी करते.

उत्तर २:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा वायरगार्ड हे दुसरे व्हीपीएन सॉफ्टवेअर वापरावे. ते मार्च २०२०पासून, म्हणजे ५.६ आवृत्तीपासून, लिनक्स कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) आहे आणि एन्क्रिप्शनचे (डेटा सांकेतिक करण्याचे) काम सगळ्या कोरमध्ये वाटते. एकत्रीकरणाला अर्थ येतो तो मुळात दोन स्वतंत्र लाइन असतील तेव्हा. गावाकडे मी दोन ४जी जोडण्या ओपनएमपीटीसीपीराउटर या लाइन एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरने भाड्याच्या सर्व्हरवर एकत्र आणतो. १२ आणि ९ मिळून १७ मिळतात, पूर्ण २१ कधीच नाहीत.

प्रश्नकर्ता:
कोरनिहाय पाहिले. एक १०० टक्के, उरलेले दोन-तीन टक्क्यांवर. वायरगार्ड बसवल्यावर त्याच राउटरवर ८८ मिळाले. आणखी एका व्हीपीएन सेवेचे वर्षाचे पैसे भरण्याच्या बेतात होतो, ते वाचले.