मदत हवी आहे: गिरणी संपाची बायकांच्या बाजूने लिहिलेली गोष्ट

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरणी कामगारांच्या संपाने आणि त्यानंतरच्या गिरण्या-बंदीने गिरणगाव कसं विस्कटलं, हे मराठी कथा-कादंबऱ्यांत कसं आलंय यावर एम. ए. चा प्रबंध लिहितेय. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक आणि त्यांच्या कथा वाचल्यात, नारायण सुर्वेही. त्यामुळे ही नावं कृपया पुन्हा नकोत.

अडलंय ते बायकांपाशी. गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात काम करणाऱ्या, आणि त्याहून जास्त खानावळवाल्या. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या बायकांचं पोट गिरणीच्या पगारावरच होतं. पगार थांबला तेव्हा उधारीच्या वहीचं काय झालं? माझ्या वाचनात ही बाई बहुतेकदा कुणाची तरी आई किंवा बायको म्हणूनच येते, तिचा धंदा दिसत नाही. हे मला फार खुपतं.

दोन ग्रंथालयांच्या सूच्या 'गिरणी', 'संप', 'खानावळ' या शब्दांनी चाळून झाल्या. मुलाखती, अहवाल, अभ्यासग्रंथ माझ्याकडे आहेत, ते नकोत. कथा, कादंबरी, नाटक किंवा आत्मकथन हवंय. जुन्या दिवाळी अंकातली एखादी कथाही चालेल, फक्त अंक आणि साल सांगा.

खानावळवाली किंवा गिरणीत काम करणारी बाई मध्यवर्ती असलेलं असं लेखन कुणी वाचलंय का?