अण्णांचा कॉम्प्युटर साताऱ्यात, मी म्युनिकला. कोड कुणाला सांगायचा हे कसं शिकवू?

शाहूपुरीची लेक

मंडळी, प्रश्न लांबट आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

अण्णा ७६ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. शाहूपुरीत ते आणि आई दोघंच. दुपारभर कॉम्प्युटरवर कोरेगावकडच्या जुन्या माणसांच्या आठवणी टाइप करत बसतात. मी म्युनिकला. गेली तीन वर्षं एनीडेस्कवरून (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं, चालवायचं ॲप) त्यांचं मशीन मीच बघते. रविवारी माझे दुपारचे बारा, त्यांचे साडेतीन. (इथली घड्याळं मागे गेली की साडेचार, मग अण्णा कुरकुरतात की फिरायला जायच्या वेळेलाच बरी तुला सवड मिळते.) अण्णांची झोप झालेली असते, आईचा चहा गॅसवर.

शिरस्ता असा. मी फोन करते, "अण्णा, ते लाल चिन्ह उघडा, नंबर सांगा." अण्णा चष्मा पुसतात आणि हजेरी घेतल्यासारखा एकेक आकडा म्हणतात. मग समोर खिडकी येते, ती मान्य करायची. झालं.

मागच्या मंगळवारी दुपारी त्यांना फोन आला. हिंदीतून. तुमच्या पेन्शनचं केवायसी राहिलंय, आज झालं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे अडकतील. कॉम्प्युटर आहे का घरी? त्यात लाल रंगाचं अमुक ॲप आहे का? नंबर सांगा. आणि अण्णांनी सांगायला सुरुवात केली! का नाही सांगणार? तीन वर्षं हेच तर मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय.

पाचव्या आकड्याला लाइट गेली. लाइट परत येईपर्यंत आई उठली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेला फोन तिनं घेतला. ती त्याला काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पैसे गेले नाहीत. पण आता अण्णा माझ्यासाठीसुद्धा ते उघडत नाहीत. "दिवाळीला येशील तेव्हा बघू." दिवाळीला मी येणार नाहीये, ते त्यांनाही माहीत आहे. माझ्यासाठी दार उघडावं आणि बाकी कुणासाठी नाही, असं काही करता येतं का?

पोवई नाक्यावरचा दुरुस्तीवाला

ताई, आधी एक काम. अण्णांच्या मोबाइलमध्ये ते ॲप असंल तर आजच काढायला लावा. आपल्याकडं बँक मोबाइलमध्ये असते, कॉम्प्युटरवर नुसत्या आठवणी. या असल्या ॲपवरून खाती साफ करतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना इशारा दिलेला. ॲपचा दोष न्हाई बरं का. किल्लीवाल्याकडं किल्ली बनते, चोरी दुसराच करतो.

आता कॉम्प्युटर. तो नंबर म्हंजे नुसता घराचा पत्ता. पत्ता कळला म्हणून कुणी आत येत न्हाई. आत घेतं ते 'मान्य' बटण. अण्णांना वाटत असंल नंबर सांगणं म्हंजेच सगळं, आणि समोर आलेली खिडकी नुसती टिचकी मारून घालवायची. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना असंच वाटतं.

सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात परवानगीची यादी असते. त्यात फक्त तुमच्या मशीनचा नंबर घाला. मग दुसऱ्या कुणाला अण्णांनी पूर्ण नंबर दिला तरी त्याची खिडकीच येणार न्हाई. हे सेटिंग तुम्हाला एकदा तरी आत येऊन करावं लागंल. न्हाईतर मशीन माझ्याकडं पाठवा.

आणि अजून एक. ॲप नुसतं डाउनलोड करून चालवत असाल तर नीट इन्स्टॉल करून घ्या. न्हाईतर विंडोज परवानगी मागायला लागलं की तुमच्या बाजूला स्क्रीन काळी होती. तुम्ही तिकडं ओरडता 'काय दिसतंय?' आणि अण्णा म्हणतात 'काय न्हाई, हो का नाही विचारतंय.' होती का न्हाई?

पैसे गेले असतेच तर १९३० ला, म्हंजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन. उद्या बघू म्हणायचं न्हाई.

कराडकर

आमच्यात खुणेचा शब्द आहे. मामांच्या गोठ्यात पूर्वी होती त्या म्हशीचं नाव. घराबाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही आणि ते आम्ही व्हॉट्सॲपवर कधी लिहीत नाही. मुलीचा आवाज आला म्हणून मुलगीच असेल असे दिवस राहिले नाहीत.

मिरजेचा आजोबा

मी तुमच्या अण्णांच्या बाजूचा माणूस. वय ७१, मुलगा बंगळुरात. म्हणून जरा वेगळं बोलतो, राग मानू नये.

मुलगा आत आला की पडद्यावरचा बाण आपोआप पळायला लागतो. इकडं उघड, तिकडं बंद कर. दोन मिनिटांत काम फत्ते, "झालं बाबा." काय झालं ते माझ्या देवाला माहीत. पुढच्या महिन्यात तेच बिघडलं की पुन्हा त्याच्या दारात. पहिली दोन वर्षं मी त्या वेळात उठून भाजी निवडायला बसायचो. स्वतःच्या खुर्चीत पाहुणा झाल्यासारखं वाटायचं.

मग मी त्याला सांगितलं, माऊसला हात लावायचा नाही. आता आम्ही विंडोजमध्येच असलेलं क्विक असिस्ट वापरतो. कंट्रोल, विंडोजचं बटण आणि क्यू एकदम दाबलं की उघडतं. यात कोड तो काढतो आणि मला सांगतो, मी टाइप करतो. सहा अक्षरं-आकडे असतात, दहा मिनिटांत बाद होतात. मायक्रोसॉफ्टचं खातं त्याला लागतं, मला नाही. त्याला सुरुवातीला माझा पडदा नुसता दिसतो. ताबा हवा असेल तर वेगळा मागावा लागतो आणि मी देत नाही. तो पडद्यावर खूण करून दाखवतो, बटण मी दाबतो. वेळ लागतो. पण कागद छापताना उलटा येतो तो कसा सुलटा करायचा, हे आता माझ्या वहीत पान ११ वर आहे.

एक विचारू का? अण्णांनी दार बंद केलं ते त्या फोनमुळंच की आधीपासून काही होतं?

पोवई नाक्यावरचा दुरुस्तीवाला

आजोबांचं बरोबर, पण क्विक असिस्ट म्हंजे कवचकुंडलं न्हाईत. फोनवरचा चोरबी 'हा कोड टाका' असंच म्हणतो. म्हणून ॲप कुठलं यापेक्षा फोन कुणी लावला ते महत्त्वाचं. मदत पाहिजे तर अण्णांनी तुमच्या पाठ नंबरावर फोन लावायचा. बाहेरून आलेल्या फोनवर कॉम्प्युटरला हातच लावायचा न्हाई, मग तो फोन तुमचा असला तरी.

शाहूपुरीची लेक

आजोबा, तुमचा प्रश्न वाचून तीन दिवस उत्तर लिहायचं टाळलं.

मे महिन्यात मी त्यांचा डेस्कटॉप आवरला होता. सत्तरेक फाइली इतस्ततः पडलेल्या, 'नवीन', 'नवीन २', 'नवीन खरे' अशा नावांच्या. सगळ्या एका फोल्डरमध्ये घातल्या, वर्षवार लावल्या, आणि मला फार छान वाटलं. परवा आईला विचारलं तेव्हा कळलं की अण्णा चार दिवस एक प्रकरण शोधत होते. सापडलं नाही म्हणून पहिल्यापासून लिहायला घेतलं. मला सांगितलं नाही, कारण "तिनं एवढं मन लावून केलंय." 'नवीन खरे' म्हणजे नेमकं काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला.

फोनवर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." पण लगेच ठेवला नाही.

परवानगीची यादी करायला मशीन पोवई नाक्यावर न्यायची त्यांची तयारी नाही (रिक्षात हादरे बसतात म्हणे). म्हणून सध्या क्विक असिस्ट, पडदा नुसता बघायचा, आणि फोन त्यांनीच करायचा. शिवाय म्हशीची कल्पना त्यांना एवढी आवडली की शब्द त्यांनीच ठरवला आणि मला एकदाच सांगितला.

काल त्यांचा फोन आला. माझे सकाळचे सहा. म्हणाले, "पानाचे नंबर मधूनच एकपासून सुरू होतायत. कोड दे." मी धडपडत लॅपटॉप उघडला, कोड काढला, वाचायला लागले तर म्हणाले, "थांब. आधी शब्द."

मला आठवेना. झोपेत होते हो! दोन चुकीचे सांगितले. अण्णांनी फोन ठेवला.

आईकडून शब्द काढून घेतला आणि परत फोन लावला, तर म्हणतात, "हा फोन तू केलायस. नियमात बसत नाही." आता त्यांच्या फोनची वाट बघत बसलेय.