कोलॅजेनचे जनुक प्रयोगशाळेतल्या बशीत जागे झाले, एवढ्यावरून सुरकुती जाईल असे म्हणावे का?

अश्विनी (मूळ मत)

रुग्णाच्याच त्वचेतील फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन बनवणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवून चेहऱ्यावर टोचण्याचा उपचार सुचवताना हल्ली एक आलेख हमखास पुढे केला जातो. कोलॅजेनचे जनुक किती पटींनी सक्रिय झाले आणि कोलॅजेन तोडणाऱ्या एमएमपी-१ या विकराचे जनुक किती मंदावले, हे त्यात दाखवलेले असते. मागच्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी असाच आलेख मोबाइलवर उघडून विचारले, "डॉक्टर, हे तर सिद्धच झालंय ना?" माझ्या मते हा उपचाराचा पुरावा नव्हे.

असा आलेख ज्या चाचणीतून येतो त्या आरटी-पीसीआरमध्ये मोजला जातो तो संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची उतरवून घेतलेली नक्कल. त्यापासून कोलॅजेनची साखळी बनते, 'क' जीवनसत्त्वाच्या मदतीने तिच्यावर प्रक्रिया होते, तीन साखळ्यांचा पीळ बसतो, तो पेशीबाहेर पडतो, त्याची टोके छाटली जातात आणि मग तंतू एकमेकांना जोडले जातात. फ्लास्कमधल्या द्रवात 'क' जीवनसत्त्व नसेल, तर जनुक कितीही सक्रिय असले तरी पीळ टिकत नाही. शिवाय प्लास्टिकच्या कडक तळावर ताणून बसलेल्या पेशी कोलॅजेन भरपूर बनवतात. त्याच पेशी सैल कोलॅजेनच्या जाळीत ठेवल्या की हात आखडता घेतात. उतारवयातील त्वचेत तंतूंचे तुकडे झालेले असतात, म्हणजे पेशी टोचायची ती याच दुसऱ्या प्रकारच्या जागी.

अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने जून २०११ मध्ये नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्यांसाठी अझफिसेल-टी या पेशी-उपचाराला मान्यता दिली, ती जनुके पाहून नव्हे, तर चेहरे पाहून. दोन चाचण्यांत स्वतःला फरक जाणवल्याचे सांगणारे रुग्ण ५७ आणि ४५ टक्के होते, तर पेशींविना नुसता द्रव टोचलेल्यांत हेच प्रमाण ३० आणि १८ टक्के होते. डॉक्टरांच्या नजरेतून फरक पडलेले ३३ आणि १९ टक्के, विरुद्ध दोन्हींत ७. सहा महिन्यांपलीकडचा परिणाम सिद्ध झालेला नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद होते.

निरंजन रा.

मी चौदा वर्षे पेशी-संवर्धनाचे काम करतो आणि आपल्या मताशी सहमत नाही. जनुकांची सक्रियता दुय्यम ठरवली, तर आपण आंधळेपणाने टोचत राहू.

पहिल्या काही पॅसेजमध्ये (भरलेल्या फ्लास्कमधून पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) फायब्रोब्लास्ट सडपातळ, चातीसारख्या आणि एका दिशेने वाहणाऱ्या दिसतात. पुढे त्याच पेशी रुंद व चपट्या होतात, फ्लास्क भरायला चार दिवसांऐवजी दहा दिवस घेतात, आणि त्यांना पोसणारा गुलाबी द्रव (मीडिया) पिवळा पडायलाही वेळ लागतो. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली फिलाडेल्फियात दाखवून दिले, की माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नास विभाजनांनंतर थांबतात. अशा थकलेल्या पेशीही, मेलेल्या पेशींना निळे करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगाच्या तपासणीत जिवंतच मोजल्या जातात. त्यांच्यात विभाजन रोखणारे पी-१६ वाढलेले आहे की नाही, आणि आसपासच्या ऊतीला दाह पोहोचवणाऱ्या आयएल-६ चे जनुक चालू आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

२०२२ मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटमधील गटाने मध्यमवयीन दात्यांच्या फायब्रोब्लास्टना यामानाका घटक, म्हणजे पेशीला पुन्हा मूळ कोवळ्या अवस्थेकडे नेणारे चार घटक, फक्त १३ दिवस दिले. जनुकांच्या सक्रियतेवरून आणि डीएनएवरील, वयानुसार बदलणाऱ्या मिथाइल खुणांवरून त्या सुमारे ३० वर्षांनी तरुण ठरल्या. त्याचबरोबर त्यांनी कोलॅजेन प्रथिन अधिक बनवले आणि ओरखडा काढलेली मोकळी जागा भरण्यासाठी त्या अधिक वेगाने सरकल्या. आलेख आणि पेशीचे काम इथे हातात हात घालून गेले, ते दुर्लक्षून कसे चालेल?

गोदातीर

मी जळीत कक्षात काम केले आहे, म्हणून एवढेच लिहितो. १९८३ साली अमेरिकेतील वायोमिंगमधल्या दोन लहान भावांची जवळजवळ सगळी त्वचा जळाली होती. त्यांच्याच उरलेल्या त्वचेतून वाढवलेल्या पेशींच्या पडद्यांनी बॉस्टनमध्ये त्यांचे प्राण वाचले. मृत्यू दाराशी असताना अपुरा पुरावाही स्वीकारावा लागतो. सुरकुतीचा रुग्ण थांबू शकतो, त्यामुळे तिथे पुराव्याची अट अधिक कडक असावी, हे अश्विनीताईंचे म्हणणे मला पटते.

अश्विनी

निरंजनजी, पेशी टोचण्यापूर्वी त्यांचा प्रत्येक गट या कसोटीला लावावा, हे तुमचे म्हणणे मान्य. माझ्या पहिल्या लेखनात ते यायला हवे होते. पण ती कसोटी वाईट पेशी बाजूला काढते, चांगल्या पेशीने त्वचेत काय केले हे सांगत नाही. बाब्राहमचे कामही बशीतच झाले आहे आणि त्या चार घटकांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी निगडित जनुक आहे. त्या बाईंना मी एवढेच सांगितले, की पेशी कितव्या पॅसेजच्या आहेत आणि नुसता द्रव टोचलेल्यांशी तुलना कुठे आहे, हे आधी विचारून या.

निरंजन रा.

तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे, फक्त मोजण्याची जागा बदलतो. चेहऱ्यावरून तुकडा काढू द्यायला कोणी तयार होणार नाही. मात्र स्वेच्छेने आलेल्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी पेशी आणि शेजारी नुसता द्रव टोचून, तीन महिन्यांनी दोन्हींकडून तीन मिलिमीटरची बायोप्सी घेता येईल. तिथे कोलॅजेनचे जनुक आणि प्रत्यक्ष तंतू दोन्ही मोजावेत. त्या तपासणीत जनुक वाढलेले आणि तंतू तसेच राहिलेले दिसले, तर मी तुमचे म्हणणे मान्य करीन.