फैजपूरच्या जागी खाज्या नाईक का नको?

तापीकाठ:
आमच्या गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर खानदेशच्या इतिहासातली पाच चित्रं काढायची ठरली आहेत. बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी, नंदुरबारचा शिरीषकुमार आणि फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन. पहिल्या चौघांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पाचव्या चित्रात मात्र भाषण करणारे नेहरू असणार आहेत. त्या जागी खाज्या नाईक हवा, असं माझं ठाम मत आहे.

सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करणारा हा भिल्ल नाईक, कंपनी सरकारच्याच चाकरीतला. १८५७ च्या नोव्हेंबरात त्यानं त्याच रस्त्यावर सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला त्याच्या माणसांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. सत्तावन्न म्हटलं की आपल्या पोरांना मीरत, कानपूर, झाशी आठवते. शिरपूरपासून इतक्या जवळ हे घडलं, ते कुणी सांगतच नाही.

यावलकर:
दादा, खाज्या नाईकाबद्दल आदरच आहे, पण फैजपूरला नेहरूंचा कार्यक्रम म्हणू नका. काँग्रेसची अधिवेशनं तोवर शहरांतच व्हायची. डिसेंबर १९३६ मध्ये ती पहिल्यांदा खेड्यात आली आणि ते खेडं आपलं होतं! धनाजी नाना चौधरींनी जबाबदारी उचलली, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. नंदलाल बोस शांतिनिकेतनातून आले आणि त्यांनी बांबू, चटया असल्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून नगर सजवलं. केळीच्या नि कापसाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी सगळ्या देशाला जेवू घातलं. माझ्या मते खानदेशच्या इतिहासातला सगळ्यात चकित करणारा क्षण हाच. भिंतीवर नेहरू नको असतील तर मांडव बांधणारे हात काढा, पण फैजपूर पुसू नका.

बोरीकाठचा:
जिभाऊ, हाई काही पटनं नही. आंबापाणी आज मध्य प्रदेशात आहे. मग ते आपल्या भिंतीवर कसं?

तापीकाठ:
भाऊ, सातपुड्यातल्या भिल्लाला तेव्हा कुठली राज्याची हद्द होती? आजच्या नकाशानं जुना खानदेश मोजायचा तर बऱ्हाणपूर नि अशीरगडही सोडावे लागतील. मग फारुकी सुलतानांचा खानदेश उरतो तरी कुठं?

सावद्याची लेक:
तुम्ही दोघंही फैजपूरची गोष्ट १९३६ पासून धरताय. माझा आक्षेप तिथंच आहे.

१८५२ मध्ये सरकारनं खानदेशात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. शेतसारा वाढणार या धास्तीनं यावल, सावदा, चोपडा भागातले शेतकरी उठले. एरंडोललाही दंगा झाला. मोजणीदारांना हुसकावून लावलं. सावद्याला हजारोंचा जमाव जमला. शेवटी सरकारनं भिल्ल पलटण आणून फैजपूर-सावद्यातल्या पाटील-देशमुखांना पकडलं आणि मोजणी पुढं रेटली. हे सत्तावन्नच्या पाच वर्षं आधीचं! आणि ८४ वर्षांनी, त्याच फैजपुरात, काँग्रेसनं शेतसारा, खंड (कुळानं द्यायचं जमिनीचं भाडं) आणि कर्ज यांवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर केला.

यावलकर काका, तुम्ही मांडव दाखवताय, पण मांडवात काय ठरलं ते सांगत नाही. आणि तापीकाठ दादा, शेतकऱ्यांवर घातलेली ती पलटण भिल्लांचीच होती, हे विसरून खाज्या नाईकाचं चित्र काढलं तर ते अर्धंच राहील. सरकारनं भिल्लाला शेतकऱ्यासमोर उभं केलं आणि पुढं त्याच भिल्लांतून खाज्या नाईक सरकारवर उलटला. मला बावन्नचं सावदा आणि खाज्या नाईक, दोन्ही चित्रं हवीत, शेजारी शेजारी.

बोरीकाठचा:
बावन्नचं खरंच माहीत नव्हतं. पण ताई, दोनच्या चार होतील. मग चिमठाणंही हवं. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी तिथं लुटला. साताऱ्याच्या पत्री सरकारची माणसं आणि खानदेशातली माणसं एकत्र होती. नाव मात्र साताऱ्याचंच झालं.

यावलकर:
मग पाचावर का अडायचं? बावन्नची मागणी मला मान्य आहे, चिमठाण्याचीही. खाज्या नाईकालाही माझा विरोध नाही, पण फैजपूरच्या जागी नाही.

तापीकाठ:
काका, तिथं मी अजून अडून आहे. भिंत एवढीशी आहे आणि फैजपूरच्या नावाचं स्मारक, कॉलेज, रस्ता हे सगळं आधीच आहे. खाज्या नाईकाचं आमच्या गावात काहीच नाही. समितीची बैठक रविवारी आहे. मी बावन्नचं सावदा आणि आंबापाणी ही दोन नावं लेखी देणार आहे. सावद्याच्या ताई, मोजणीच्या दंग्याबद्दल तुमच्याकडे जे काही असेल ते शनिवारपर्यंत इथंच टाका.