विषय: तात्यांची खोकी – रविवारच्या आत हलवायची आहेत

प्रेषक: बंडू (सचिव)
मंगळवार, रात्री

मंडळी,

काकूंच्या घराचा ताबा सोमवारी जातोय. गॅरेजमधली तात्यांची खोकी रविवार संध्याकाळच्या आत हलवायला हवीत. परवा जाऊन बघून आलो. कॅसेटची पाच मोठी खोकी, एलपींची दोन, सीडींची दोन आणि ती लाकडी पेटी, म्हणजे ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डी. पेटी दोघांशिवाय उचलत नाही. मंडळाच्या कपाटात जागा नाही, तिथे नाटकाचे पडदे आहेत. ते हलवायचं म्हटल्यावर मागे काय रामायण झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

ज्याला जे हवं ते शनिवारी येऊन घेऊन जा. उरेल ते रिसायकलिंगला देऊ. नाहीतरी हे सगळं आता स्ट्रीमिंगवर मिळतंच.

बंडू

---

प्रेषक: नाना
मंगळवार, मध्यरात्र

बंडोपंत, काहीही रिसायकलिंगला जाणार नाही.

"सगळं मिळतंच" म्हणजे नक्की काय मिळतं? कंपन्यांनी बाजारात आणलेलं, आणि त्यातलंही ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी चढवलंय तेवढंच. एचएमव्हीचं जुनं भांडार सारेगामाकडे आहे, त्यांनी बरंच चढवलं, हे मान्य. भीमसेन, किशोरीताई, कुमारजी, मन्सूरअण्णा यांच्या गाजलेल्या एलपी घरबसल्या ऐकता येतात. त्यांच्यासाठी गॅरेज अडवायची गरज नाही.

पण तात्यांच्या कॅसेटींपैकी निम्म्या तरी कोऱ्या आणून घरी भरलेल्या आहेत. खाजगी बैठकी, आकाशवाणीवरून उतरवलेली रात्रीची गाणी, कुणाकुणाकडून मिळालेल्या प्रतींच्या प्रती. या कुठल्या ॲपवर शोधणार?

आपल्या गाण्याची कथाच अशी आहे. अल्लादियाखाँसाहेबांची एक तबकडी निघाली नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. केसरबाईंनी रेकॉर्डिंगच्या बाबतीत हात आखडताच घेतला. तासभर एक राग मांडून बसणारी बाई, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी साडेतीन मिनिटांची, कारण ७८च्या एका बाजूत मावायचंच तेवढं. एलपी आल्यावरही वीस-बावीस मिनिटांत बाजू संपायची, मग त्या मापानं ख्याल कापायचा. समोर बसून रेकॉर्डर चालू ठेवणाऱ्यांनी जे पकडलं, तेवढंच काय ते मोकळं गाणं शिल्लक आहे.

हातानं लिहिलेली एकही कॅसेट जाता कामा नये. बाकी तुम्ही ठरवा.

नाना

---

प्रेषक: चिनू
बुधवार, सकाळ

नानाकाका, पटतंय, पण हिशेब करा. एका खोक्यात साठेक कॅसेट धरल्या तर पाच खोक्यांच्या तीनशे. बहुतेक सी-९०, म्हणजे दीड तासाच्या असणार. कॅसेट नीट उतरवायची तर ती जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ लागतोच. म्हणजे साडेचारशे तास. बसणार कोण? नाटकांच्या व्हिडिओ कॅसेटींचाही असाच ठराव झाला होता. त्या कुठे आहेत, कुणाला माहीत आहे का?

आणि स्ट्रीमिंगला इतकी नावं ठेवू नका. माझं निम्मं ऐकणं त्यावरच झालंय. खरी अडचण आहे शोधायची. पाश्चात्त्य संगीतासाठी ॲपलनं २०२३ मध्ये वेगळं ॲप काढलं. तिथे रचनाकार, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा असं सगळं चाळता येतं, कारण त्यांच्या संगीताची नोंद तशीच होते. आपल्याकडे राग, ताल, बंदिश, साथीला कोण, कुठल्या सालचं हे हवं. त्यासाठी रकानेच नाहीत, सगळं गाण्याच्या नावात कोंबतात. "यमन" टाकलं की आधी ध्यानधारणेची बासरी येते. मंडळासाठी मी केलेल्या यादीतली चार गाणी तर मधेच करडी पडली, म्हणजे वाजेनाशी झाली. कारण सांगायची पद्धत नाही, हक्क इकडचे तिकडे झाले असतील.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी निदान क्रॉसफेड आणि शफल बंद करा. विलंबित संपताना त्यावर द्रुत चढून येतं ते गायकाचं नाही, ॲपचं असतं.

महत्त्वाचं: सीडींच्या खोक्यांत घरी बर्न केलेल्या असतील तर आधी त्या घ्या. छापील सीडी टिकते. बर्न केलेलीतला रंगाचा थर उडत जातो, आणि उडाला की एक दिवस ती वाचलीच जात नाही. कॅसेट खरखरत का होईना वाजते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमनं फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता लहान होणारी फाइल) काढून ठेवू. ते काम माझ्याकडे.

चिनू

---

प्रेषक: माई
बुधवार, दुपार

चिनू, साथीला कोण ते लिहिलेलं नसतं याबद्दल अगदी खरं बोललास. तबलजी जणू नव्हताच! तरी गायिका गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव ठणकावून सांगत असे, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कळायला हवं की ही कोण. एवढी अक्कल तेव्हा होती.

म्हणून माझी एकच विनंती. कॅसेट कुणीही घ्या, पण आतला कागद कॅसेटबरोबर राहू दे. काकूंकडे एक कॅसेट मी हातात घेऊन पाहिली आहे. तात्यांचं बारीक अक्षर, निळी शाई: "मारवा, विलं. एकताल, पुढे द्रुत. बाजू २: १७ मि. नंतर वीज गेली, पुन्हा सुरू. पहिला तंबोरा उतरलेला." शेवटी लाल शाईत "पूरिया नव्हे!!" असं दोनदा अधोरेखित. बहुतेक कुणाशी तरी पैज लागलेली असणार. हे कुठल्या ॲपमध्ये लिहून येणार आहे?

आणि नावांचं म्हणाल तर परवा एका सेवेवर पूरिया म्हणून लावलं तर पहिल्या मिनिटातच रिषभ-धैवतावर मुक्काम. मारवाच होता तो.

माई

---

प्रेषक: बापू
बुधवार, संध्याकाळ

माई, केवळ रिषभ-धैवतावरून मारवा ठरवू नये. तेच स्वर सोहनीतही आहेत. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, तिन्ही रागांत तेच. पूरियात गंधार-निषाद धरायचे, मारव्यात रिषभ-धैवत, सोहनी वरच्या सप्तकात खेळते, हे पुस्तकात ठीक. गाताना गवई पूरियात धैवतावर थोडा रेंगाळला तर काय बिघडलं? मंद्र सप्तकात काय केलं ते ऐकायला हवं.

कॅसेटींबद्दल माझं काही मत नाही.

बापू

---

प्रेषक: अण्णा (ध्वनिव्यवस्था)
बुधवार, रात्री

सर्वांना सूचना: मंडळाचा कॅसेट डेक ध्वनिव्यवस्था समितीकडे आहे आणि समितीला विचारल्याशिवाय तो कुणी नेऊ नये. मागच्या वेळी तो परत आला तेव्हा वेग वाढवल्यासारखा चालत होता. वेग असा चुकला की पट्टी अर्धा स्वर चढते आणि नंतर लोक वाद घालतात की बुवा काळी एकला गायचे की पांढरी दोनला.

आता मुद्द्याचं. कॅसेट उचलून डेकमध्ये घातली आणि लॅपटॉपला जोडली म्हणजे डिजिटायझेशन झालं असं नाही. पहिलं म्हणजे बेल्ट. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डेकचा रबरी बेल्ट सैल होतो किंवा चिकट होतो, तो बदलायचा. दुसरं, हेड आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) साफ करणं, दर काही कॅसेटींनंतर. तिसरं म्हणजे हेडचा कोन. ज्या रेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याच्या आणि आपल्या डेकच्या हेडच्या कोनात फरक असला की वरचे स्वर मरतात, तंबोऱ्याची जवारी जाते. मग लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. कॅसेट ठीक असते, स्क्रू फिरवायचा असतो. हे कानानं करावं लागतं, प्रत्येक कॅसेटला. चौथं, डॉल्बी, म्हणजे फसफस दाबायची सोय. भरताना डॉल्बी बी लावलेलं असेल आणि वाजवताना नसेल तर फसफस वाढते. उलट झालं तर आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो. तात्या कागदावर डॉल्बीची खूण करायचे, म्हणून माईंचं कागदाचं म्हणणं मला तांत्रिक कारणानंही मान्य आहे.

चिनू, ४४.१/१६ मध्ये, म्हणजे सीडीच्या मापात काढू नकोस. ध्वनिसंग्रहवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची आहे. मी ९६/२४ मध्येच करेन.

अण्णा

---

प्रेषक: चिनू
बुधवार, रात्री

अण्णाकाका, ९६/२४ म्हणजे तासाला दोन जीबी. साडेचारशे तासांचे नऊशे जीबी. फ्लॅक केलं तरी मोठी डिस्क लागणार, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवायची तर दोन. सी-९० वर भरलेल्या घरगुती बैठकीत असं काय आहे की त्याला एवढं लागावं? ४८/२४ करू ना.

---

प्रेषक: अण्णा (ध्वनिव्यवस्था)
बुधवार, रात्री

डिस्क स्वस्त आहेत, बैठक पुन्हा होणार नाही. डेक माझ्याकडे आहे, ९६ वरच होईल.

---

प्रेषक: आप्पा
गुरुवार, सकाळ

उत्साहाच्या भरात कुणी हे युट्यूबवर चढवायला जाल, म्हणून आत्ताच लिहितो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे तात्यांच्या पेटीतल्या ७८ तिकडे मोकळ्या झाल्या असतील. आपण अमेरिकेत आहोत. इथे १९२३ ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्यांना १०० वर्षं, १९४७ ते १९५६ च्यांना ११०, आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ च्या मध्यापर्यंतच्या सगळ्यांना थेट १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. म्हणजे "जुनं आहे, चालतं" हे इथे चालत नाही.

खाजगी बैठकींचं आणखी नाजूक. गायकाचा हक्क वेगळा, घरच्यांच्या भावना वेगळ्या. कित्येकांनी "फक्त तुमच्यासाठी" म्हणून रेकॉर्ड करू दिलेलं असतं. डिस्कवर ठेवा, मंडळात बसून ऐका, सूची करा. जालावर नको. मंडळाच्या नावानं तर अजिबात नको, विमा आपला मूळचाच तोकडा आहे.

आप्पा

---

प्रेषक: नाना
गुरुवार, सकाळ

आप्पा, "फक्त तुमच्यासाठी" म्हणून दिलेलं होतं म्हणूनच अर्धं गाणं लोकांच्या कपाटात कुजलं. संग्राहकांनी एकमेकांना दिलं नसतं तर आज ऐकायला काय उरलं असतं? मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली ती काय नुसतं जपून ठेवायला? त्यांनी अंक काढले, सूच्या छापल्या, ऐकायचे कार्यक्रम केले. जालावर नको, ठीक. पण मागणाऱ्याला प्रत द्यायची, हे आधीच ठरवा.

आणि बापू, मंद्रातलंच ऐकायला हवं हे बरोबर, पण सोहनीचा इथे काय संबंध?

नाना

---

प्रेषक: बापू
गुरुवार, दुपार

स्वर तेच आहेत, हा संबंध.

---

प्रेषक: बंडू (सचिव)
गुरुवार, संध्याकाळ

मंडळी, रविवार. गाडी कुणाची? खोकी कुणाकडे? एवढंच सांगा. पूरियासाठी वेगळा विषय काढा.

---

प्रेषक: वहिनी
गुरुवार, रात्री

गाडी आमची, मागच्या सीटा आडव्या पडतात. शनिवारी दहाला येतो.

पण लाकडी पेटीला मी असल्याशिवाय हात लावू नका. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात, तडकल्या की संपलं. आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, उभ्याच, घट्ट, मधे पुठ्ठा. आणि कुणी हौसेनं पुसायला अल्कोहोल घेऊ नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, मऊ फडकं, मधल्या लेबलाला ओल लागू द्यायची नाही. एलपीच्या सुईनं तर मुळीच वाजवायच्या नाहीत. ७८ची खाच रुंद, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची एका मिलची किंवा त्याहून बारीक. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती करवत ऐकू येते.

पेटी आमच्याकडे राहील. वाजवायला नाही, ठेवायला.

---

प्रेषक: अण्णा (ध्वनिव्यवस्था)
गुरुवार, रात्री

वहिनी, रेकॉर्डी हा ध्वनिव्यवस्थेचा विषय आहे, पण तुमच्याकडे राहू देत. हातानं भरलेल्या कॅसेट माझ्याकडे. छापील कॅसेट आणि एलपी ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात. बर्न केलेल्या सीडी चिनूकडे. कागदांची सूची माईंनी करावी, कॅसेट माझ्या दारात यायच्या आधी प्रत्येकीवर क्रमांक हवा. दिवसाला एकच होईल, घाई करू नये.

---

प्रेषक: माई
गुरुवार, रात्री

करते. शनिवारी क्रमांक घालायला चिकटपट्टी नको, डिंक कॅसेटवर उतरतो. पेन्सिलनं कागदावर, आणि तोच क्रमांक कव्हरवर.

एक आधीच सांगून ठेवते, एलपींच्या खोक्यातली किशोरीताईंची "सहेला रे"वाली मला हवी आहे.

---

प्रेषक: नाना
गुरुवार, मध्यरात्र

माई, ती तात्यांनी मला कबूल केली होती. काकूंना विचारा.

---

प्रेषक: चिनू
शुक्रवार, सकाळ

ती स्ट्रीमिंगवर आहे हो, दोघांनाही लिंक पाठवतो.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, सकाळ

लिंक नको.