गोव्यातल्या चाचण्यांचा पुरावा आहे, म्हणून नैराश्याचं काम आशांवर टाकायचं का?

शेतपायवाट
गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेची, 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली, नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी हल्ली प्रत्येक सरकारी सादरीकरणात दिसते. गोव्यातली 10 प्राथमिक आरोग्य केंद्रं, 18 ते 65 वयाचे 495 रुग्ण, सगळ्यांचा पीएचक्यू-9 या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीतला गुण 15 किंवा जास्त, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. एका गटाला नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले: डॉक्टरला रुग्णाचा गुण कळवला आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका हाती दिली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय 6 ते 8 समुपदेशन सत्रं मिळाली, प्रत्येकी 30-40 मिनिटांची. सत्रं घेणारे लोक मानसशास्त्र शिकलेले नव्हते. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातले 64 टक्के बरे झाले होते, पहिल्यातले 39 टक्के. चार जणांना ही सत्रं दिली की एक जण जास्तीचा बरा होतो. औषधांच्या चाचण्यांतही इतका फरक सहज दिसत नाही.

यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा: बिनडॉक्टरी माणूस हे करू शकतो, आशाताई गावात आहेतच, त्यांना चार दिवस शिकवा. मला हा निष्कर्ष धोक्याचा वाटतो. त्या चाचणीत समुपदेशकांना समुपदेशनाशिवाय दुसरं काम नव्हतं. सत्रांचं रेकॉर्डिंग होत होतं. ठरावीक दिवशी सगळे एकत्र बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकायचे आणि छापील गुणपत्रकावर गुण द्यायचे: दिनक्रम विचारला का, आधी ठरवलेल्या कृतीचं काय झालं ते पाहिलं का, उपदेश केला का. देखरेख काढून टाकली तर हातात राहतं ते "मन रमवा, देवाचं नाव घ्या". त्याचा पुरावा कुठल्याही चाचणीत नाही.

माझं म्हणणं: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पगारी, पूर्णवेळ समुपदेशक आणि तालुक्याला एक पर्यवेक्षक. आशांकडे फक्त माणूस ओळखून आणून पोचवण्याचं काम, तेही मानधन वाढवून.

सह्यकडा
आदर्श पद मंजूर होईपर्यंत माणसांनी थांबायचं, असाच याचा अर्थ होतो. अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' प्रकल्प पाहा. 30 गावं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक कुठल्याही उपचारापर्यंत पोचत होते. 18 महिन्यांनी 27.2 टक्के. हे गावातल्याच कार्यकर्त्यांमुळे झालं, केंद्रात खुर्ची टाकून बसलेल्या माणसामुळे नाही. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात आशांनाच स्मार्टफोनवरून या पद्धतीचं प्रशिक्षण देऊन पाहिलं आहे.

केंद्र आठ-दहा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातं तो सलग सात आठवडे तिथे येईल? गोव्यातल्या चाचणीतही न येणाऱ्यांच्या घरी जावं लागलं होतं. घरी जाणारं माणूस आपल्याकडे एकच आहे, ती आशा.

आकडेमोड
सह्यकडा, 'विश्राम'बद्दल दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत. एक, तिथे तुलनेचा गट नव्हता, फक्त आधीचं आणि नंतरचं सर्वेक्षण. दोन, 27.2 टक्के हा उपचारापर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे, बरे झालेल्यांचा नव्हे. शिवाय तिथे गावातले कार्यकर्ते प्राथमिक आधार देत आणि समुपदेशक वेगळे होते. म्हणजे ते उदाहरण शेतपायवाट यांच्या बाजूचंच आहे.

आता आशांनी घरोघरी प्रश्नावली भरण्याचा हिशेब. पीएचक्यू-9 मध्ये नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27. मूळ अभ्यासात 10 गुणांच्या रेषेवर संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले) 88 टक्के आणि विशिष्टताही (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) 88 टक्के निघाली. 1000 प्रौढांपैकी 50 जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. प्रश्नावली त्यातले 44 पकडेल. उरलेल्या 950 पैकी 114 जणांवरही चुकीचा शिक्का बसेल. हातात 158 नावं, त्यातली 114 नैराश्य नसलेल्यांची. रेषा 15 वर नेली तर खोटी नावं कमी होतात, पण मध्यम त्रासाचे खरे रुग्ण निसटतात. केंद्रात स्वतःहून त्रास घेऊन आलेल्यांत हे प्रमाण बरंच सुधारतं, कारण तिथे मुळातच रुग्ण जास्त असतात. म्हणून सरसकट घरोघरी चाळणी नको. थकवा, अंगदुखी, झोप नाही अशी तक्रार वारंवार घेऊन येणाऱ्यांनाच विचारावं.

आणि नववा प्रश्न. 'मेलेलं बरं' किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे विचारायचं आणि 'हो' आलं तर पुढे काय ते ठरलेलं नसायचं, हा सर्वांत मोठा घोळ. 'हो' म्हटल्यावर लगेच विचारावं: बेत ठरला आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला आहे का. घरच्यांना सामील करून घ्यावं, कीटकनाशकाचे डबे घराबाहेर कुलपात, माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून द्यायचा. इतकं बांधून दिल्याशिवाय कुणाच्याही हातात ती प्रश्नावली देऊ नये.

निरंजनी
चर्चेत औषध कुठेच नाही याचे आश्चर्य वाटते. गोव्यातीलच त्याआधीची 'मानस' चाचणी (लॅन्सेट, 2010) पाहावी. 24 दवाखाने, त्यातील 12 सरकारी आणि 12 खाजगी. पायरीपायरीने उपचार: सर्वांना माहिती आणि धीर, गरज असेल त्यांना नैराश्यविरोधी औषध किंवा संवादोपचार, अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी 65.9 टक्के रुग्ण बरे झाले, तुलनेच्या गटात 42.5 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र 64.1 विरुद्ध 65.9 टक्के, म्हणजे फरक शून्य. बिनडॉक्टरी समुपदेशक सर्वत्र चालतो असे म्हणणाऱ्यांनी हे खाजगी आकडे कधी तरी उघडपणे मांडावेत.

तीव्र नैराश्यात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध 20 मिलिग्रॅम रोज ही स्वस्त गोष्ट आहे. अपयश येते ते वापरात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते; हे आधी न सांगितल्यामुळे रुग्ण दहाव्या दिवशी गोळी सोडतो. बरे वाटल्यावरही 9 ते 12 महिने चालू ठेवायची असते, ती महिन्यातच थांबते. दुसरीकडे अल्प्राझोलाम (चिंता शमवणारी, झोप आणणारी गोळी) आणि व्हिटॅमिनची इंजेक्शने सर्रास दिली जातात, त्याने नैराश्य बरे होत नाही आणि पहिल्याची सवय लागते. आधी केंद्रातील डॉक्टरचे हे सुधारा, मग नवी पदे.

शेतपायवाट
निरंजनी, खाजगी दवाखान्यांचा मुद्दा मान्य, पण तो उलटा वाचून पाहा. तिथे तुलनेच्या गटातलेच 65.9 टक्के बरे झाले. ओळखीचा डॉक्टर, तोच दर वेळी भेटणारा, दोन शब्द बोलणारा. सरकारी केंद्रात दर खेपेला वेगळा चेहरा असेल तर तिथे नेमकी हीच पोकळी असते आणि समुपदेशक ती भरतो. म्हणून पद सरकारी केंद्रातच हवं. औषधाचं तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. पहिल्या दोन आठवड्यांत एक फोन करून मळमळीबद्दल विचारणं, हे काम समुपदेशकाकडेच द्यावं.

माडबन
सगळे आजार झाल्यावरचं बोलताय. नैराश्य येण्याआधी थांबवता येतं का, याचीही चाचणी गोव्यातच झाली, डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांची, 2019 च्या 'जामा सायकियाट्री'त. साठीपुढचे 181 लोक, लक्षणं आहेत पण पूर्ण आजार नाही असे. समुपदेशकांनी चार गोष्टी केल्या: अडचण सोडवायची पद्धत, झोप, मधुमेह-रक्तदाब सांभाळणं, सरकारी योजनांपर्यंत पोचवणं. वर्षभरात समुपदेशनाच्या गटात 91 पैकी 4 जणांना नैराश्य आलं, दुसऱ्या गटात 90 पैकी 13 जणांना.

झोपेचं तंत्र तर कुणालाही शिकवता येतं. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. जाग आली आणि डोळा लागेना तर उठून बसायचं. अंथरुणातले एकूण तास कमी करायचे. म्हातारी माणसं आठ वाजता पडतात, दोनला जागी होतात आणि पहाटेपर्यंत विचार करत कूस बदलतात; तिथे हे लगेच लागू पडतं. पैसा या टप्प्यावर घालावा. मुलं मुंबईला किंवा आखातात आणि घरात दोघंच, अशी घरं कोकण-गोव्यात वाडी-वाडीला आहेत.

आकडेमोड
माडबन, दिशा आशादायक आहे, पण एकूण घटना फक्त 17. समुपदेशनाच्या गटात चाराच्या जागी सहा जण आजारी पडले असते तर हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नसता. एवढ्यावर राज्याची योजना उभी करता येत नाही. मोठी चाचणी उभी करता येते, आणि ती करायलाच हवी. उपचाराच्या चाचणीत 495 माणसं आणि 25 टक्क्यांचा फरक आहे. पहिला रुपया तिथे.

शेतपायवाट, तुमच्याही बाजूचं एक दुखणं सांगतो. वर्षभराने उपचाराच्या चाचणीतला तो फरक 63 विरुद्ध 48 टक्के इतका उरला. बरे झालेले टिकले, पण समुपदेशन न मिळालेला गटही सावरत वर आला. 'चौघांमागे एक' हे तीन महिन्यांचं गणित. वर्षाचं साधारण सातामागे एक. मागणी करताना दुसरा आकडा द्या, नाहीतर पुढे कुणी तरी तोच काढून योजना बंद करेल. रुग्ण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला माहीत असतं आणि गुण त्याच्याच उत्तरांवर ठरतो, हीही मर्यादा आहे, जरी प्रश्न विचारणाऱ्यांना गट सांगितला नव्हता.

माडबन
मोठी चाचणी हवी हे मान्य. पण तोवर झोपेचे चार नियम आणि योजनांची कागदपत्रं यासाठी कुणाची वाट पाहायची? त्यात अपाय काय आहे? सरकारी योजनांपर्यंत पोचवणं हेही त्या चाचणीत उपचाराचाच भाग होतं.

सह्यकडा
आकडेमोड यांचा घरोघरी चाळणीचा हिशेब पटला, तो मुद्दा सोडतो. पण पूर्णवेळ समुपदेशक एकटा किती गावांना पुरेल? तो हिशेब कुणीच मांडलेला नाही.

शेतपायवाट
मांडतो. आठवड्याला चार नवे रुग्ण घेतले आणि प्रत्येकाची सात सत्रं धरली, तर दोन महिन्यांत आठवड्याला 28 सत्रं होतात. 40 मिनिटांप्रमाणे सुमारे 19 तास. प्रवास, घरभेटी, नोंदी, गैरहजर राहिलेल्यांना फोन यांचे किमान 12 तास. रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायची बैठक 3 तास. आठवडा भरला. वर्षाला 200 च्या आत-बाहेर रुग्ण. काही जण दोन-तीन सत्रांनंतर येत नाहीत, तेवढी जागा नव्यांना मिळते.

हाच आठवडा आशाच्या लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी आणि सर्वेक्षणांवर ठेवून बघा. सत्र 40 चं 10 मिनिटांवर येईल आणि सर्वांत आधी कापलं जाईल ते मधलं काम: मागच्या आठवड्यात ठरवलेलं, म्हणजे विहिरीपर्यंत चालत जाणं, बहिणीला फोन करणं, झालं का, नसेल तर कुठे अडलं आणि त्याहून लहान पाऊल कोणतं. गोव्याच्या रुग्णांत सुधारणा बऱ्याच अंशी याच वाटेने झाली. जे जास्त हालते झाले ते जास्त बरे झाले, हे त्याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात दिसतं.

सह्यकडा
ठीक. मग आशाचं ओळखून आणण्याचं काम प्रत्येक रुग्णामागे ठरावीक मोबदल्याचं करा, आणि तो मोबदला रुग्णाचं दुसरं सत्र झाल्यावर द्या. पहिल्यावर दिला तर नुसती नावं येतील. शेवटच्या सत्रावर अडवला तर रुग्णाने येणं सोडल्याची शिक्षा तिला बसेल.

निरंजनी
आणि समुपदेशकाच्या नोंदवहीत औषधाचा रकाना असावा: नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, थांबवल्यास कोणी आणि का. एवढा असेल तर माझा पदाला विरोध नाही.