बॉल पायथन दिवाळीपासून खात नाहीये, काय करू?

धायरीकर_०७
नमस्कार मंडळी, माझ्याकडे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, नर, ३ वर्षांचा, वजन १२०० ग्रॅमच्या आसपास. पहिल्यापासूनच नखरे आहेत त्याचे, पांढरा उंदीर असेल तरच खाणार, करड्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण आता दिवाळीपासून पांढराही नको झालाय. फ्रोझन उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवतो, मग झिपच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवतो आणि चिमट्याने समोर धरतो. तो जीभ काढत जवळ येतो, मान आखडून मागे घेतो, वाटतं आता झडप घालणार, आणि मग सावकाश वळून टाकीतल्या लपायच्या खोक्यात जाऊन बसतो. पाणी पितो, रात्री फिरतो, अंगाने तसा उतरलेला दिसत नाही. हिटमॅट आहे, काचेवरचा स्टिकर २९ दाखवतो. आई रोज सकाळी विचारते, "जेवला का रे तो?" आणि मला काय उत्तर द्यायचं कळत नाही. ओळखीतला एक जण म्हणाला तोंड उघडून भरव सरळ. मला ते करायची भीती वाटते. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

निशाचर
कात टाकायला आलाय का? डोळे धुरकट निळसर दिसतात का बघ, तसं असेल तर कात निघेपर्यंत विचारूच नको त्याला. आणि वजन "आसपास" नको, नीट काट्यावर करून सांग.

पर्वती_सरपटणारे
भरवू अजिबात नकोस, आधी हे. जबरदस्तीने भरवलं की तोंडाला जखम होते, बऱ्याचदा उलटी करून टाकतात आणि चिमटा दिसला की घाबरायला लागतात ते वेगळंच.

आता तापमान. काचेवरचा स्टिकर काचेचं तापमान सांगतो, साप पोट टेकून बसतो तिथलं नाही. प्रोबवाला (वायरच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल थर्मामीटर आण आणि प्रोब गरम बाजूच्या खोक्याच्या आत तळाला ठेव. तिथे ३१ ते ३३ हवं, थंड बाजूला २५ ते २७. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० च्या आसपास उतरतो आणि तुमच्या धायरी-खडकवासला बाजूला गारठा अजूनच असतो, अशा वेळी नुसत्या हिटमॅटने वरची हवा तापतच नाही. वरून ऊब देणारा सिरॅमिक हिटर लाव, थर्मोस्टॅटवरच लाव, थेट प्लगमध्ये घातलास तर भाजेल तो. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल, हवेची जाळी मोकळी. अंग पुरेसं गरम नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं, म्हणून थंडीत साप खाणं टाळतो.

दुसरं म्हणजे ३ वर्षांचा नर आणि थंडीचे महिने. हा यांचा जोडीचा मोसम, धडधाकट मोठे नर यात महिनोनमहिने उपाशी राहतात. मूळचे पश्चिम आफ्रिकेचे, घाना, टोगो, बेनिनकडचे. तिथे उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत दडून राहतात, त्यामुळे मोकळं खोकं यांना आवडत नाही. अंग चारही बाजूंनी टेकेल इतकं घट्ट हवं, गरम बाजूला एक, थंड बाजूला एक.

आणि द्यायची पद्धत. यांच्या वरच्या ओठावर बारीक खड्डे असतात, त्यांनी उष्णता कळते. उंदराचं डोकं बाकीच्या अंगापेक्षा गरम हवं, द्यायच्या आधी हेअर ड्रायर फिरव डोक्यावर, हाताला छान गरम लागेल इतकं. दिवे घालव, टाकीला टॉवेल टाक, रात्री नऊनंतर दे. नाही घेतला तर खोक्याच्या तोंडाशी ठेवून झोपायला जा, सकाळी तसाच असेल तर टाकून दे, परत फ्रीजरमध्ये नाही.

कोथरूड_रॅप्टर
एवढं कशाला, जिवंत उंदीर सोड, दोन मिनिटांत संपवेल.

पर्वती_सरपटणारे
नको रे, मनापासून सांगतो. भूक नसलेला साप उंदराला काहीच करत नाही आणि उंदीर मात्र रात्रभर त्याला कुरतडतो. पाठीची कातडी अगदी कण्यापर्यंत खाल्लेला साप मी बघितलाय, ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

निशाचर
+१. बाय द वे, नोंदणी केलीय ना? बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगतो, आपल्याकडचा देशी अजगर अनुसूची १ मधला आहे, तो घरी ठेवायचाच नाही, दिसला तर वनखात्याला कळवा.

धायरीकर_०७
नोंदणी झालीय, कागद आहेत. प्रोब आणला, गरम खोक्यात रात्री २६ निघालं! सिरॅमिक हिटर आणि थर्मोस्टॅट लावला, आता ३२ वर स्थिर आहे. डोळे स्वच्छ आहेत. वजन ११६५ भरलं, उन्हाळ्यात १२१० होतं. मग आज रात्रीच देऊन बघू का?

पर्वती_सरपटणारे
आज नको. आठवडाभर हातही लावू नकोस, नुसतं पाणी बदल, ऊब अंगात मुरू दे. मग दे, आणि नेहमीपेक्षा एक साइज लहान दे. नाही घेतला तर पुढचा दहा-बारा दिवसांनी, दर दोन दिवसांनी चिमटा नाचवलास तर अजून बिथरेल. ४५ ग्रॅम म्हणजे ४ टक्केसुद्धा नाही, काळजीचं नाही. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिही, उन्हाळ्याच्या वजनाच्या १० टक्के उतरलं, म्हणजे १०९० च्या खाली गेलं, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे ने. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे किंवा तोंड वर करून उघडं ठेवणं, यातलं काही दिसलं तर वजनाची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ने. आईंना सांग, तो आजारी दिसत नाहीये, थंडीत यांचं असं होतं.

धायरीकर_०७
सांगितलं. ती म्हणाली हिटर रात्री बंद करू नकोस, बिल आलं तर बघू.